वाघ्याच्या पाठीचे पदार्थविज्ञान

आमच्या मालवणच्या घरी एक कुत्रा आहे. त्याचे नाव वाघ्या. नावावरून तुमच्या डोळ्यांपुढे एखादा दांडगा, गुरगुरणारा कुत्रा उभा राहिला असेल, तर तो पुसून टाका. आमचा वाघ्या खांद्यापाशी जेमतेम वीतभर उंच आणि चांगला हातभर लांब आहे. त्याच्या जातीला डॅक्सहुंड म्हणतात. जर्मन भाषेत 'डाक्स' म्हणजे बॅजर नावाचा बिळात राहणारा प्राणी आणि 'हुंट' म्हणजे कुत्रा. आपल्याकडे साळिंदर जशी बिळे करून राहतात तसा हा बॅजर राहतो. त्याच्या बिळात शिरून त्याला हुसकावण्यासाठी जर्मनीतील शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आखूड पायांचे कुत्रे निवडून निवडून ही जात तयार केली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचे शुभचिन्ह असलेला 'वाल्डी' हाही डॅक्सहुंडच होता.

एका वर्षी आषाढात, ऐन पावसात, हा वाघ्या एका जागी बसून राहू लागला. जेवायला बोलावले तरी उठेना. पाठीची कमान झालेली, अंगाला बारीक कंप. आम्हाला वाटले, पोटात दुखत असेल. घरात माणसांसाठी आणलेली वेदनाशामक गोळी होती, ती अर्धी करून द्यावी असे माझ्या मनात आले. आमच्या सौभाग्यवतींनी माझा हात धरला, म्हणून बरे झाले. माणसाला चालणाऱ्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, हे मला नंतर कळले.

पशुवैद्य आले. त्यांनी पाठीवरून एकेक मणका दाबत हात फिरवला. शेवटच्या बरगडीपाशी हात येताच वाघ्या कळवळला. "मणक्यांमधली चकती फाटली आहे," ते म्हणाले. "औषध देतो, पण खरे औषध विश्रांती. चार आठवडे याला एका जागी ठेवा. उडी नाही, पायरी नाही, धावणे नाही."

ही चकती म्हणजे काय? कुत्र्याच्या मानेत ७, छातीच्या भागात १३ आणि कमरेत ७ मणके असतात. बहुतेक लागोपाठच्या दोन मणक्यांमध्ये एक लवचिक गादी असते. तिची बाहेरची कडी चिवट तंतूंच्या थरांची, तर आतला गाभा पाणीदार आणि जेलीसारखा असतो. मणक्यांवर भार आला की तो गाभा दाबला जातो. द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हा पास्कालचा नियम तुम्ही शिकला आहात. त्यामुळे बाहेरच्या कडीच्या कोणत्याही एका जागी सगळा ताण येत नाही. तो चोहोबाजूंना वाटला जातो.

आता तुमच्या परिचयाचे उदाहरण घ्या. शहाळे फोडले की आत पाणी आणि लुसलुशीत मलई मिळते. तोच नारळ झाडावर राहिला की मलईचे घट्ट खोबरे होते आणि पुढे वाळून खडखडीत गोटा होतो. साध्या कुत्र्याच्या चकतीतला गाभा म्हातारपणापर्यंत बऱ्यापैकी शहाळ्याच्या अवस्थेत राहतो. डॅक्सहुंडाचा मात्र वयाच्या पहिल्या वर्षातच खोबऱ्यासारखा होऊ लागतो. पुष्कळदा त्यात कॅल्शियमचे क्षारही साचतात. घट्ट झालेल्या गाभ्याला पास्कालचा नियम पाळता येत नाही. भार आला की तो एकाच जागी कडीला टोचतो. आणि ही कडी पोटाच्या बाजूला जाड, तर वरच्या, म्हणजे पाठीच्या बाजूला पातळ असते. साहजिकच ती वर फाटते. दुर्दैव असे की नेमका त्याच बाजूने, मणक्यांच्या बोगद्यातून, मेरुरज्जू गेलेला असतो. फुटलेल्या गाभ्याचे तुकडे थेट त्याच्यावर आदळतात. हान्सन नावाच्या स्वीडिश पशुवैद्याने १९५२ साली चकतीच्या दुखण्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. त्यांतील हा पहिला प्रकार होय.

मग शेवटच्या बरगडीपाशीच का? छातीच्या बऱ्याचशा भागात उजव्या आणि डाव्या बरगड्यांची टोके जोडणारा एक आडवा बंध चकतीवरून जातो आणि तिला वरून थोपवून धरतो. शेवटच्या दोन-तीन बरगड्यांपाशी तो बंध नसतो. शिवाय तेथे बरगड्यांनी ताठ धरलेला भाग संपून मोकळा, लवचिक भाग सुरू होतो.

हा दोष येतो कोठून, याचा शोध अगदी अलीकडचा आहे. कुत्र्याच्या वाढीशी संबंधित असे एक जनुक आहे. त्याची एक जास्तीची प्रत काही जातींत अठराव्या गुणसूत्रावर जाऊन बसली आहे आणि तिच्यामुळे पाय आखूड होतात, असे २००९ साली आढळले. त्याच जनुकाची आणखी एक प्रत बाराव्या गुणसूत्रावर सापडली २०१७ साली, आणि चकती लवकर घट्ट होण्याचा संबंध या प्रतीशी आहे. ही दुसरी प्रतही पाय आखूड करण्यास हातभार लावते. म्हणजे शिकाऱ्यांनी आखूड पाय निवडले, तेव्हा नकळत त्यांनी ही पाठही निवडली. सुमारे पाचांतील एका डॅक्सहुंडाला आयुष्यात कधी ना कधी हे दुखणे होते.

असो. आम्ही पडवीच्या कोपऱ्यात पोफळीच्या पट्ट्यांचे कुंपण करून वाघ्याला त्यात ठेवले. औषधाने दोन दिवसांत कंप थांबला. चौथ्या दिवशी शेपूट हलू लागली. पाचव्या दिवशी तो कुंपणावर पुढचे पाय टाकून असा काही पाहू लागला की मला दया आली. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने करू नये ती चूक मी केली. वेदना गेली म्हणजे इजा भरली, असे मी मानले. मी कुंपणाचे दार उघडले. खळ्यात मांजर होते. वाघ्या ओट्यावरून खाली झेपावला.

या झेपेचा हिशेब मी नंतर केला; तुम्हीही करून पाहा. आमचा ओटा ४५ सेंटिमीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर असतो. हा वेग शून्यावर आणण्याचे काम पाय करतात. दुमडता दुमडता ते धक्का पोटात घेतात. लांब पायांचा कुत्रा १५ सेंटिमीटर अंतरात थांबतो असे धरले, तर सरासरी बल त्याच्या वजनाच्या चौपट येते. वाघ्याचे पाय दुमडून दुमडून दुमडणार किती? ५ सेंटिमीटर धरा. मग सरासरी बल वजनाच्या दहापट येते. वाघ्याचे वजन ९ किलोग्रॅम. म्हणजे क्षणभर ९० किलोग्रॅमचा भार झाला. हा हिशेब ढोबळ आहे, पण त्यावरून अंदाज येतो.

मात्र उडी हे दुखण्याचे मूळ कारण समजू नका. चकती आधीच खोबरे झालेली असते. उडी फक्त शेवटचा धक्का देते. ब्रिटनमध्ये २०१५ साली डॅक्सहुंडांच्या मालकांकडून माहिती जमवली, तेव्हा नियमित व्यायाम करणाऱ्या कुत्र्यांत हे दुखणे कमी आढळले होते. तेव्हा निरोगी डॅक्सहुंडाला जन्मभर गादीवर बसवून ठेवणे हा काही उपाय नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाघ्याचे मागचे दोन्ही पाय लुळे पडले होते. पुढच्या पायांनी तो अंग ओढत होता. लघवीही होत नव्हती. पाऊस कोसळत होता. पशुवैद्य पुन्हा आले. मी झाल्या प्रकाराची कबुली दिली. ते मला काही बोलले नाहीत. त्यांनी वाघ्याच्या मागच्या पायाचे बोट चिमट्यात धरून दाबले. पाय आखडला गेला. मी आनंदाने म्हणालो, "कळतंय त्याला!" ते म्हणाले, "पायाकडे पाहू नका, तोंडाकडे पाहा."

मित्रांनो, ही गोष्ट नीट समजून घ्या. पाय आखडणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिचा संदेश पायापासून मेरुरज्जूच्या कमरेकडील भागापर्यंत जातो आणि तेथूनच परत फिरतो; मेंदूपर्यंत तो जावाच लागत नाही. मेरुरज्जू मध्ये पूर्ण तुटला असला तरीही पाय आखडला जाईल. वेदना 'कळली' असे केव्हा म्हणायचे? कुत्र्याने मान वळवली, तो कण्हला किंवा चावायला धावला, तर. कारण त्यासाठी संदेश दुखावलेल्या जागेतून पार होऊन मेंदूपर्यंत पोहोचावा लागतो. पशुवैद्यांनी पुन्हा जोरात दाबले. वाघ्याने मान वळवून दात दाखवले. त्याच्या दातांचा मला एवढा आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

पाय लुळे पडले की शस्त्रक्रिया करून मेरुरज्जूवरचा दाब काढणे हा खात्रीचा मार्ग समजला जातो. पण अशी शस्त्रक्रिया व्हायची ती मोठ्या शहरात. मुंबईला परळ येथे १८८६ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण मालवणहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर. वाघ्याचे पाय लुळे असले तरी थोडेफार हलत होते आणि वेदना कळत होती. अशा बऱ्याच कुत्र्यांना सक्तीच्या विश्रांतीनेही गुण येतो. पशुवैद्यांनी मुंबईच्या शल्यवैद्यांशी दूरध्वनीवर बोलून ठरवले, की तूर्त घरीच ठेवायचे. मात्र रोज सकाळ-संध्याकाळ बोट दाबून पाहायचे. वेदना कळेनाशी झाली, तर गाडी काढायची आणि पाऊस न पाहता निघायचे. कारण त्या अवस्थेत तातडीने शस्त्रक्रिया केली तरी सुमारे निम्मेच कुत्रे पुन्हा चालतात, आणि न केली तर फारच थोडे.

ते बोट दाबणे माझ्याकडे आले. तिसऱ्या संध्याकाळी मी दाबले. पाय आखडला, मान मात्र वळली नाही. मी सौभाग्यवतींकडे पाहिले. गाडीची किल्ली खुंटीवर होती. दुसऱ्या बोटाला दाबले. काही नाही. तिसऱ्यांदा पक्कड घेऊन दाबले, तेव्हा तो मोठ्याने गुरगुरला. बहुधा झोपेत होता. नंतरच्या दोन आठवड्यांत प्रत्येक वेळी मी त्याला आधी पूर्ण जागा करून मगच बोट दाबत असे. प्रयोगाच्या अटी सारख्या ठेवाव्यात, हे मी वर्गात शिकवतो.

शेजारचे एक वृद्ध गृहस्थ रोज चौकशीला येत. "सरांनू, पाठीक खोबरेल तेल लावन बरी चोळा, दोन दिसांत धावाक लागतलो," असा त्यांचा सल्ला होता. सल्ला प्रेमाचा होता, पण आम्ही पाठीला हात लावला नाही. फाटलेल्या कडीला रक्तपुरवठा अगदी थोडा असतो, म्हणून ती सावकाश भरते. तोवर चोळणे, वाकवणे म्हणजे उरलासुरला गाभाही बाहेर पिळून काढणे होय. लघवीसाठी पोट कसे आणि कोठे हळू दाबायचे, ते पशुवैद्यांनी माझा हात धरून शिकवले. ते पुस्तकात वाचून करू नये. चार-पाच दिवसांत ती आपोआप होऊ लागली. सर्वांत मोठा त्रास झाला तो अंथरुणाचा! आषाढात कोकणात काही वाळत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. ओल्या अंथरुणावर एकाच कुशीवर पडून राहिले तर कातडीला जखमा होतात. म्हणून दर चार तासांनी कूस बदलायची आणि गोधड्यांचे तुकडे चुलीवर टांगून वाळवायचे. रात्रीची पाळी आमच्या आईने घेतली. तिला तशीही झोप कमी.

आता उचलण्याविषयी. लांब बांबू दोन माणसे खांद्यावरून नेतात, तेव्हा ती अगदी टोकांना धरीत नाहीत. टोकांना धरले तर बांबू मध्ये झोळ खातो. मधोमध धरले तर टोके लोंबतात. प्रत्येक टोकापासून लांबीच्या सुमारे एक पंचमांश अंतरावर आधार दिला, तर वाक सर्वांत कमी पडतो. पॅरिसजवळ ठेवलेल्या प्रमाण मीटरच्या पट्टीलादेखील असाच आधार देत. तिच्याखालच्या दोन रुळांत ५७१ मिलिमीटर अंतर असावे, असे १९२७ साली ठरवलेले होते. वाघ्याची पाठ ही अशीच एक पट्टी. पुढच्या बगलांत हात घालून त्याला लहान मुलासारखे उचलले, तर मागचे सगळे धड लोंबते आणि दुखऱ्या चकतीवर ताण येतो. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली आणि पाठ जमिनीला समांतर, असा आमच्या घरात नियमच झाला.

तिसऱ्या आठवड्यात पशुवैद्यांनी त्याला आधार देऊन दिवसातून चार वेळा, लघवीपुरतेच, उभे करायला सांगितले. पंचाचा झोळ करून तो मागच्या अंगाखालून घ्यायचा आणि वरून धरायचा. पण झोळ नेमका कोठे घ्यायचा? कागदावर आकृती काढा. पुढचे पाय हा टेकू. पुढच्या आणि मागच्या पायांमधील अंतर १ माना. उभ्या कुत्र्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्या पायांवर असते. म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य टेकूपासून ०.४ अंतरावर आहे. झोळ अगदी मागच्या पायांच्या पुढे, अंतर जवळजवळ १ असेल तेथे घेतला, तर वर ओढण्यास ९ गुणिले ०.४ म्हणजे ३.६ किलोग्रॅम एवढे बल पुरते. तोच पोटाखाली, ०.६ अंतरावर घेतला तर? ३.६ भागिले ०.६ म्हणजे ६ किलोग्रॅम. बल जास्त लागते ते लागतेच, शिवाय ते दुखऱ्या मणक्यांच्या बरोबर खालून वर रेटते. पहिल्या दिवशी आम्ही पोटाखालीच घेतला होता, आणि वाघ्या ओरडला होता.

येथे मला एक कल्पना सुचली. आमच्याकडे बांगडे तोलायचा एक जुना ताणकाटा होता. तो मी झोळाच्या गाठीत अडकवला. वाघ्या स्वतः जेवढे वजन पेलेल तेवढे काट्यावर कमी दिसेल, हे उघड आहे. पहिले वाचन आले ३.४. म्हणजे मागचे पाय जवळजवळ काहीच पेलत नव्हते. दर रविवारी सकाळी, लघवीनंतर आणि जेवणाआधी, मी वाचन घेऊ लागलो. चौथ्या आठवड्यात २.९. पाचव्यात १.८, आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. सहाव्यात १.९! त्या रविवारी घरात कोणी फारसे बोलले नाही. मी आलेखाचा कागद काढून बिंदू जोडले आणि एका वाचनाने रेषा ठरत नाही, असे स्वतःलाच समजावले. सातव्या आठवड्यात काटा ०.८ वर आला.

चौथ्या आठवड्यानंतर पशुवैद्यांच्या संमतीने पाण्याचाही उपयोग केला. रापण ओढताना तुम्ही पाहिली असेल. मासळीने भरलेले जाळे पाण्यात असते तोवर बेताचे जड लागते. वाळूवर आले की वीस-वीस माणसांना दम लागतो. मासळी तीच, वजन तेच. फक्त पाण्याचे उत्प्लावक बल नाहीसे झालेले असते. पाण्यात उभ्या कुत्र्यांच्या पायांवर किती भार येतो, हे अमेरिकेतील संशोधकांनी मोजले असून ते २०१० साली प्रसिद्ध झाले. पाणी मागच्या पायाच्या गुडघ्यापर्यंत असताना ८५ टक्के भार उरतो. नितंबाच्या सांध्यापर्यंत चढवले की एकदम ३८ टक्के. एवढी मोठी उडी का? पाय बारीक, त्यांनी बाजूला सारलेले पाणी थोडे. पोट बुडू लागले की सारलेल्या पाण्याचे आकारमान झपाट्याने वाढते. आर्किमिडीजचा नियम एवढा स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

चिवल्याचा समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर असला तरी पावसाळ्यात तेथे नेणे वेडेपणाचे ठरले असते. लाटेचा एक तडाखा पुरला असता. आम्ही प्लॅस्टिकचा टब घेतला आणि पाणी कोमट केले. हवेपेक्षा पाणी वीसपटीहून अधिक चांगले उष्णतावाहक आहे. थार पाण्यात वाघ्या गारठला असता आणि गारठलेले स्नायू आखडतात. दोन हात सतत त्याच्याखाली ठेवून पाच मिनिटे, एवढेच. पाण्यात त्याने मागचा उजवा पाय प्रथम पुढे टाकला. डावा चार दिवसांनी.

गणपती आले तेव्हा काटा शून्यावर होता. आरतीच्या वेळी वाघ्या कुंपणातून, दोरीला बांधलेला, दहा-बारा पावले झोकांड्या खात आला आणि गुळगुळीत लादीवर मागचे पाय फाकून बसला. दोष लादीचा. माजघराच्या सारवलेल्या जमिनीवर तो घसरत नसे. लादीवर एक वीट ठेवून, लादी हळूहळू तिरपी करीत वीट केव्हा घसरते तो कोन मोजा. नंतर मध्ये काथ्याची चटई घालून तेच करा. कोनाचे 'टॅन' काढले की घर्षणांक मिळतो. दोन्हींतला फरक पाहून तुम्ही चकित व्हाल. दुसऱ्याच दिवशी आम्ही पडवीभर काथ्याच्या चटया अंथरल्या. वजनही ९ वरून ८ वर आणले. त्यासाठी आईच्या ताटातून त्याला मिळणारा भात बंद करावा लागला आणि त्याबद्दल आई अजून माझ्यावर रागावलेली आहे.

ओट्याला आता एक फळी लावली आहे. ओटा ४५ सेंटिमीटर, फळी १८० सेंटिमीटर, म्हणजे चारास एक असा चढ. वाघ्या तिच्यावरून चढतो-उतरतो. थकला की त्याचा डावा पाय अजून किंचित ओढला जातो. खळ्यातल्या चिऱ्यावर नख घासल्याचा आवाज येतो, आणि तो आला की आम्ही त्याला उचलून घेतो. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली.